सव्वा मूठ गहू

डिसेंबर १९३६ मध्ये आमच्या फैजपुरास राष्ट्रसभेचे पन्नासावे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले राष्ट्रसभेचे ते पहिलेच अधिवेशन. नंदलाल बोसांनी बांबू आणि तसल्याच गावठी साहित्यातून टिळकनगर सजवले, पंडित नेहरू अध्यक्ष होते, गांधीजी आले होते, हे सर्व आम्ही मास्तर लोक मुलांना शिकवतो आणि मुले ते परीक्षेपुरते लक्षातही ठेवतात. परंतु गावात ओट्यावर बसून जी गोष्ट सांगितली जाते ती निराळीच आहे. नेहरू ध्वज चढवीत असता तो मध्येच अडकला. काही केल्या वर जाईना. तेव्हा शिरपूरचा किसनसिंग राजपूत नावाचा एक तरुण त्या उंच खांबावर चढून गेला, आणि त्याने ध्वज मोकळा केला. अधिवेशनातले ठराव आज गावात कोणाला सांगता येणार नाहीत. पण तो खांब आणि त्यावर चढलेला तो तरुण म्हाताऱ्याकोताऱ्यांना अजून ठाऊक आहे.

आता अडकले होते ते काय? खादीचे कापड. हात सुटला असता तर प्राणाशी गाठ होती. कापडासाठी कोणी प्राण पणाला लावतो का, असा प्रश्न तर्कशास्त्राच्या पोराने जरूर विचारावा. पण ओट्यावर ही गोष्ट सांगितली जाते तेव्हा तो प्रश्न कोणीही विचारीत नाही, आणि न विचारणारे सगळेच मूर्ख असतात असे मला वाटत नाही.

खूण आणि प्रतीक हे शब्द आपण बोलताना एकाच अर्थी वापरतो. वास्तविक त्यांत मोठे अंतर आहे. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर 'पुढे वळण आहे' अशी पाटी असते, ती खूण. पाटी पडली तर सरकार दुसरी लावते. रंग बदलला, आकार बदलला, तरी वळण तेच राहते. खुणेमागची वस्तू आपल्याला पुरती ठाऊक असते. प्रतीकाचे तसे नाही. जे आपल्याला पुरते उमगलेले नाही, पण ज्याने आपल्याला आतून धरून ठेवले आहे, त्याला त्या घटकेस सापडलेले सर्वांत चांगले रूप म्हणजे प्रतीक. ते बदलून दुसरे लावता येत नाही. ही फोड कार्ल गुस्टाव्ह युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाने केली आहे. १८७५ साली एका पाद्र्याच्या घरी जन्मलेला हा माणूस झुरिकच्या वेड्यांच्या इस्पितळात डॉक्टर झाला. तिथे रोग्यांच्या बडबडीत त्याला जुन्या पुराणकथांतल्या प्रतिमा दिसू लागल्या, आणि त्या रोग्यांनी वाचलेल्या असणे शक्य नव्हते असे त्याला वाटले. त्यावरून त्याने असे मानले की माणसाच्या नेणिवेचा एक थर त्याच्या एकट्याचा नसतो. तो मानवजातीचा सामाईक असतो, आणि त्यात आई, म्हातारा ज्ञानी, वीर, छाया असे काही आदिबंध पाण्याखालच्या खडकांसारखे पडून असतात. लाट वेगळी, पाणी वेगळे, पण फेस ठरावीक ठिकाणीच फुटतो.

हे वाचताना मला आठवते ती आमची कानबाई.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. श्रावणात नागपंचमीनंतरचा पहिला रविवार हा कानबाईचा. घरे सारवून-पुसून लख्ख होतात, भाऊबंद एका घरी जमतात. चौरंगावर नारळ मांडतात. त्याला डोळे, नाक, तोंड येते, नथ येते, लुगडे येते, घरातले दागिने चढतात, आणि हां हां म्हणता त्या नारळाची बाई होते. पुरणपोळ्या, खीर, गंगाफळाची भाजी होते, रात्रभर गाणी चालतात. सोमवारी सकाळी बाया तिला डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर जातात आणि बोळवतात. घराघराची रीत थोडी थोडी वेगळी आहे. पण आमची माणसे पोटासाठी नाशिकला गेली, सुरतेला गेली, तिथेही कानबाई बसतेच. रोट हा यातला मुख्य भाग. घरातल्या एकेकाच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे, ते दळायचे आणि त्याचे रोट करून घरच्यांनी आणि भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्याला ते द्यायचे नाहीत.

तर शनिवारी जो नारळ वाण्याच्या दुकानात शोभला असता, तो रविवारी फोडायला तुम्ही कोणाही बाईला सांगून पाहा. आणि सोमवारी तोच नारळ ती नदीला देऊन येते, डोळ्यांत पाणी आणून. मधल्या वेळात नारळात काय आले आणि काय गेले?

शिकलेल्या माणसाकडे याची तीन उत्तरे तयार असतात. पहिले सुधारकाचे : काही आले नाही, काही गेले नाही, हे अडाणीपण आहे. दुसरे हल्लीच्या अभिमानी माणसाचे : यामागे शास्त्रीय कारण आहे, नारळाच्या पाण्यात अमुक क्षार असतात आणि पावसाळ्यात तमुक. (हे गृहस्थ आजीलाही रसायनशास्त्राची पदवी देऊन मोकळे होतात. तिने ती मागितलेली नसते.) तिसरे उत्तर सर्वांत सभ्य आणि मला सर्वांत जास्त खटकणारे : 'हे नुसते प्रतीक आहे हो.' या वाक्यातला 'नुसते' हा शब्द सगळा घात करतो. हा नारळ आहे हे बाईला ठाऊक नसते असे या तिघांनाही वाटते. अहो, तिनेच तर त्याला डोळे काढले! नारळ आहे हे तिला तुमच्याआमच्याहून जास्त ठाऊक आहे, आणि तरीही ती हात जोडते. तिच्या मनात दोन्ही गोष्टी एकाच वेळी सुखाने नांदतात. आपल्या मनात त्या भांडतात, म्हणून आपण तिला अडाणी ठरवतो.

युंग १९२५ साली पूर्व आफ्रिकेत एल्गन डोंगराकडे गेला होता. तिथले लोक पहाटे झोपडीबाहेर येऊन तळहातावर थुंकत आणि ते तळवे उगवत्या सूर्याकडे धरत. असे का करता, म्हणून त्याने विचारले. त्यांना सांगता येईना. पहिल्यापासून करतो, इतकेच म्हणाले. युंगाने आपल्या परीने अर्थ लावला की थुंकी म्हणजे प्राण, तो सूर्याला वाहायचा. पण त्याला महत्त्वाचे वाटले ते हे, की ही माणसे अर्थ न जाणता ती कृती पूर्णपणे जगत होती. आणि युरोपातली माणसे अर्थ भराभर सांगू शकत होती, पण जगत काहीच नव्हती. त्याच डोंगरात एका वृद्ध वैद्याने त्याला सांगितले की पूर्वी आमच्या जाणत्यांना स्वप्ने पडत, लढाई, रोगराई, पाऊस कळत असे. गोरे आल्यापासून स्वप्ने पडत नाहीत, आता सगळे साहेबालाच ठाऊक असते. हा भाग मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा मला थोडे थांबावे लागते.

याचा गुरू, आणि १९१३ च्या सुमारास ज्याच्याशी याचे कायमचे फाटले, तो फ्रॉइड. तो या बाबतीत कडक. १९२७ साली त्याने धर्म हा एक भ्रम आहे असे सांगणारे पुस्तक लिहिले. पुढे १९३१ मध्ये त्याच्या पंचाहत्तरीला कलकत्त्याच्या गिरींद्रशेखर बोस आणि त्यांच्या मंडळींनी हस्तिदंती विष्णू धाडला, तो मात्र त्याने आपल्या टेबलावर ठेवला. मला या गोष्टीची गंमत वाटते, यापलीकडे मी तिचा अर्थ काढीत नाही.

आत्मा या शब्दाने आपली मोठी अडचण करून ठेवली आहे. आमच्या अंमळनेरास श्रीमंत प्रतापशेठांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. तिथे वेदान्ताचा अभ्यास झाला. वेदान्तातला आत्मा म्हणजे साक्षी. त्याला काही चिकटत नाही, तो भिजत नाही, रडत नाही. हा आत्मा कानबाईपुढे कशाला बसेल? युंग ज्याला आत्मा म्हणतो तो निराळा. तो स्वप्ने पाहतो, घाबरतो, आजारी पडतो, गाणी रचतो. त्याला मराठीत जवळचा शब्द 'जीव' हा आहे. जीव लागतो, जीव रमतो, जीव वरखाली होतो, जीव तुटतो, एखाद्यात जीव अडकतो. बहिणाबाई चौधरी या आमच्या जळगावशेजारच्या आसोद्याच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, पण मनाच्या ओढाळपणाविषयी त्या जे बोलून गेल्या, ते युंगाला कोणी समजावून सांगितले असते तर त्याने वहीत टिपून घेतले असते. अशा या जिवाला जे हवे असते ते सिद्धान्ताने मिळत नाही. त्याला रूप लागते, हाताला काही काम लागते, आणि रविवार लागतो.

इथवर सगळे सोपे आहे. दिवाळी अंकात लिहायलाही बरे आहे. पण दोन वर्षांपूर्वी सातवीतल्या एका मुलीने मधल्या सुट्टीत येऊन मला विचारले, "सर, कानबाई खरी असते का?"

मास्तराने अशा वेळी सावध व्हावे. 'हो' म्हणावे तर वर्गात शिकवलेले विज्ञान खोटे पडते, 'नाही' म्हणावे तर घरी तिच्या आजीचा अपमान होतो. मी म्हणालो की खरे दोन प्रकारचे असते. तापी खरी आहे, ती कोणी मानो वा न मानो. आणि दिलेले वचनही खरे असते, पण ते पाळणाऱ्यापाशी. कानबाई ही दुसऱ्या...

"तसं नाही सर," ती म्हणाली. "आमच्या घरी रोटाचे गहू मोजतात तेव्हा माझ्या भावाची मूठ असते. तो पाच वर्षांचा आहे. माझी नसते. मग ती माझी कानबाई कशी?"

वाचकहो, पुष्कळ घरांत हे असेच आहे. मूठ पुरुषांच्या नावाने मोजतात. मुलगी परक्या घरची, तिची मूठ कुठे धरायची? घर सारवणारी बाई, दळणारी बाई, लाटणारी बाई, रात्रभर गाणारी बाई, डोक्यावर घेऊन नदीला जाणारी बाई, आणि चौरंगावर बसलेली तीही बाई; आणि मोजणी पुरुषांची. या मुलीला प्रतीकाचा अर्थ नको होता. आपण त्या प्रतीकाच्या आत आहोत की बाहेर, एवढेच तिला विचारायचे होते.

यावर युंग काय सांगतो ते मी शोधले, आणि मला त्याच्यापाशी फारसे मिळाले नाही. तो सांगतो की एखादी कल्पना मनात वावरते आहे, माणसे तिच्यामुळे हसतात-रडतात, एवढ्यानेच ती मानसिक दृष्ट्या खरी आहे. हत्ती जसा असतो तशी ती असते. कबूल. पण मग डाकीणही तशीच असते. आमच्याच सातपुड्याच्या डोंगरपट्ट्यात, नंदुरबार-धुळ्याकडे, एखाद्या बाईला डाकीण ठरवून छळल्याच्या, मारल्याच्या गोष्टी घडल्या आहेत. ती डाकीणही त्याच सामाईक थरातून येते. कानबाई जर आईचा उजळ चेहरा, तर डाकीण हा तिचा काळा चेहरा. स्वतःतले जे सोसवत नाही ते शेजारणीच्या तोंडावर नेऊन चिकटवायचे, याला मानसशास्त्रात प्रक्षेपण म्हणतात. नाव दिल्याने ती बाई वाचत नाही. वाचवायला कायदा लागला, आणि तो कायदा महाराष्ट्रात २०१३ च्या डिसेंबरात झाला तोही नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खून झाल्यानंतर. आणि डोंगरातल्या माणसांकडे बोट दाखवून आपण गावातल्यांनी शहाणे होण्याचे कारण नाही. हळदीकुंकवाच्या ताटापासून विधवेला दूर बसवणारे आपणच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवांच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला तो २०२२ साली, म्हणजे काल-परवा.

प्रतीके कळतात म्हणून माणूस सांभाळला जातो असेही नाही, याचे उदाहरण खुद्द युंग. फैजपूरला अधिवेशन भरले त्याच १९३६ साली त्याने एक निबंध लिहिला. जर्मनीत जे उसळले आहे ते राजकारणाने वा पैशाने पुरते उलगडत नाही, तिथे वोटान हा जुना वादळाचा देव जागा झाला आहे, असे त्याचे म्हणणे. निरीक्षण विलक्षण आहे. पण वाचून झाल्यावर मनात येते की देवच संचारला म्हटले, तर माणसाकडे जाब कोणी मागायचा? आणि हाच युंग १९३३ साली मानसोपचारवाल्यांच्या संस्थेचा अध्यक्ष झाला होता, जेव्हा जर्मनीतून ज्यू डॉक्टर हुसकावले जात होते; ज्यू मन आणि आर्य मन वेगळे अशा अर्थाचे त्याने १९३४ मध्ये लिहिलेही. ज्यू सभासदांना संस्थेत जागा राहावी म्हणून त्याने खटपट केली असे त्याचे कैवारी सांगतात, आणि ते खोटे नाही. तरी ज्या माणसाने दुसऱ्यांची छाया ओळखायला जगाला शिकवले, त्याच्या स्वतःच्या पायाशी ती किती लांब पडली होती, हे वाचून मन खिन्न होते.

तेच वर्ष, तीच सामाईक नेणीव. इकडे एक तरुण खांबावर चढतो आणि कापड मोकळे करतो; तिकडे हजारो तरुण कापडामागून चालू लागतात आणि त्यांच्या मागे राख उरते. प्रतीक दोन्हीकडे जिवंतच होते. तेव्हा 'प्रतीक जिवंत आहे' एवढे म्हणून भागत नाही. ते कोणाला आत घेते आणि कोणाला बाहेर ठेवते, हे विचारावे लागते, आणि तो प्रश्न मानसशास्त्राचा नव्हे. तो नीतीचा आहे. खोल मनाचा अभ्यास पाणी कुठून येते ते सांगेल. कोणाच्या शेताला पाट काढायचा ते शेतकऱ्यानेच ठरवायचे.

मग शिकलेल्या माणसाने कानबाईपुढे हात जोडावेत की नाही? माझे काही मित्र म्हणतात की सगळे कळल्यावर हात जोडणे हे ढोंग आहे. मला हे पटत नाही. ज्या गोष्टीने मला वाढवले, तिचे मूळ मला मनात सापडले म्हणून ती खोटी होत नाही; आईचे प्रेम शरीरातल्या रसांनी होते हे पुस्तकात वाचून कोणी आईला नमस्कार करायचा थांबत नाही. ढोंग निराळे असते. 'नुसते प्रतीक आहे' म्हणून हात जोडायचे, आणि मूठ मोजण्याची वेळ आली की 'पण रीत मोडता येत नाही' म्हणायचे, हे ढोंग. प्रतीक नुसते असेल तर रीत मोडायला हरकत काय? आणि रीत मोडायला भीती वाटत असेल तर ते नुसते कसे?

युंग हिंदुस्थानात येऊन गेला होता. १९३७ च्या हिवाळ्यात, कलकत्त्याच्या सायन्स काँग्रेसच्या रौप्यमहोत्सवासाठी. सांची पाहून तो भारावला, कोणार्क पाहिले. साधुपुरुषांना भेटण्याचे मात्र त्याने टाळले. कलकत्त्यात त्याला रक्तआव झाली आणि दहा दिवस इस्पितळात पडून राहावे लागले. तिथून बाहेर पडल्यावर त्याला स्वप्न पडले ते शंकराचे नाही की देवीचे नाही. इंग्लंडच्या किनाऱ्यापाशी एक बेट, जुना गढीवाडा, आणि ख्रिस्ताच्या कथेतला तो पवित्र पेला, जो आणायला त्याला एकट्याला थंड पाण्यातून पोहून जायचे आहे. जागा झाल्यावर त्याने अर्थ काढला की हिंदुस्थान माझे काम नव्हे; माझा पेला माझ्याच पाण्यात बुडालेला आहे. आपल्याकडचे पुष्कळ लोक युंगाचे नाव घेतात ते आपल्या देवांना परदेशी पाहुण्याचे प्रशस्तिपत्र मिळाले म्हणून. त्याच्या स्वप्नाने त्याला सांगितले ते याच्या अगदी उलट.

आमच्या घरची मोजणी माझी आई करते. मी शाळेतली ती गोष्ट घरी सांगितली होती, युक्तिवाद म्हणून नव्हे, जेवताना सहज. त्या श्रावणात ती सुपात गहू मोजत होती. नावे मनात घेत होती, मूठ आणि वर पाव मूठ, मूठ आणि वर पाव मूठ. मुलगे-नातू संपले तरी तिचा हात थांबला नाही.

"ही कोणाची?" काकूने विचारले.

"घरातल्या माणसाची," आई म्हणाली आणि पुढची मूठ भरली. माझ्या मुलीची, मग पुतणीची, मग माझ्या पत्नीची. शेवटची एक भरली ती बहुधा स्वतःची; साठ वर्षे मोजूनही ती आजवर त्या सुपात नव्हती. कानबाईला यात काही वावगे वाटेल की काय, असे तिला कोणी विचारले नाही आणि तिनेही कोणाला विचारले नाही. त्या वर्षी एका चुलत घराने आमच्याकडचे रोट खाल्ले नाहीत. पुढच्या वर्षी त्यांच्यातले दोघे जेवायला बसले, दोघे बसले नाहीत. आणि यंदा मोजणीच्या वेळी थोरल्या काकांनी विचारलेच, की ही पोर उद्या लग्न होऊन सासरी गेली म्हणजे तिची मूठ इथे मोजायची की तिथे? त्या मुलीला शाळेत मी काय उत्तर दिले ते विचाराल तर, मी तिला आमच्या सुपाची हकीकत सांगितली. तिने ती घरी सांगितली की नाही, मला ठाऊक नाही. काकांच्या प्रश्नाला आईने अजून उत्तर दिलेले नाही. त्या वेळी ती गव्हातले खडे वेचत होती, आणि तिने मान वर केली नाही.